रुखवतातला वाकलेला मोर

प्रियाच्या लग्नात नवरदेवाच्या काकांनी माझ्या आरशाच्या चौकटीचं एक पान खाल्लं.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. दिवसभर पार्ट मोजायचे, रात्री स्वप्नातही पार्टच. एकदा चिंचवडला जुन्या फर्निचरच्या दुकानात एक फुटका आरसा दिसला. चौकटीवर काय ती वेलबुट्टी! मला वाटलं, लाकडात कोरलीय.

"कोरलेली नाही ताई," दुकानदार म्हणाला. "खडूची पूड, सरस, राळ नि जवसाचं तेल. कणकेसारखं मळायचं, गरम असताना साच्यात दाबायचं. वाळलं की दगड! आता कोणी करत नाही."

कोणी करत नाही?? अहो, मी करते ना!

थेरगावात आमचा वन बीएचके. सरस शिजायला लागला की जो वास सुटतो तो लिहून सांगता येत नाही, पण खालच्या काकूंनी मेलेला उंदीर शोधायला तीनदा पलंग सरकवला. (तिसऱ्यांदा सरकवायला मीच गेले होते. काय करणार, अपराधी वाटत होतं!) मम्मीने पोळपाट-लाटणं कपाटात कुलूप लावून ठेवलं.

पप्पा मात्र आतून खूश. आयुष्य टूलरूममध्ये गेलेला माणूस, रिटायर होऊन कंटाळलेला. तळवड्यातल्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी मोराचा असा साचा बनवून आणला की मोर लाजावा. पण इन्स्पेक्शन? बापरे! मी मोर काढायचा, पप्पांनी माप घ्यायला व्हर्नियर लावायचा, आणि "वाळून आक्रसलाय, रिजेक्ट!" म्हणत त्याला मम्मीची लाल टिकली चिकटवायची. पास झालेल्याला हिरवी. लाल टिकल्यांची दोन पाकिटं संपली. हिरवं पाकीट उघडलंच नव्हतं!

शेवटी मी म्हणाले, "पप्पा, मला नोकरी सोडून हेच करायचंय."

पप्पांनी हातातला व्हर्नियर खाली ठेवला. मग म्हणाले, "प्रियाच्या रुखवतात तुझी चौकट ठेव. लग्न लागेपर्यंत टिकली तर राजीनामा दे. नाही टिकली, तर सोमवारी गपचूप फर्स्ट शिफ्ट."

प्रिया माझी मावसबहीण. तिच्यासाठी मी जीव ओतून चौकट केली. वर दोन मोर, खाली वेल, सगळीकडे पानं. या मालाची गंमत म्हणजे पाठीमागून वाफ दिली की तो चिकट होतो आणि लाकडाला आपोआप बसतो. खिळा नको, गोंद नको! हे मी दिसेल त्याला ऐकवत होते. वाफेने मऊ होतं, वाफेने मऊ होतं! (हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.)

डांगे चौकाजवळचा हॉल. रुखवताचं टेबल एका कोपऱ्यात, तिकडे कुत्रं फिरकेना. सगळी गर्दी चहाला.

"पप्पा, लेआउट चुकलाय!"

"बरोबर. मटेरियल फ्लोच नाही," पप्पांनी बाह्या सरसावल्या. "चहाचं काउंटर रुखवताला चिकटून घेऊ. लायनीत उभा राहिलेला माणूस बघणार नाही तर जाईल कुठं?"

चहावाले मामा कुरकुरले, "अहो साहेब, पिंप उकळतंय माझं!"

"चाळीस टनी प्रेस हलवलाय मी. धरा त्या बाजूने!"

पिंप बरोबर माझ्या चौकटीच्या पाठीशी आलं. काय गर्दी! काय कौतुक! मी शेजारी उभी राहून एका पाहुण्या काकूंना समजावतेय, "बघा काकू, वाफेने ना..." आणि काकू म्हणाल्या, "अगं, मोराने मान हलवली का गं आत्ता?"

मी वळून बघितलं. डावा मोर झोप लागल्यासारखा हळूहळू खाली येत होता. वेल ओघळत निघालेली. मी वेल दाबून धरली तर उजवा मोर सुटला. मोर धरला तर एक पान, मागून सुटलेलं पण वरून अजून दगडच, टपकन रुखवतातल्या शंकरपाळ्यांच्या ताटात! मी हात घालेपर्यंत नवरदेवाच्या काकांनी उचललं, तोंडात टाकलं.

कडाक.

"जरा कडक झालेत," काका चावत म्हणाले. "पण राव, वास कसला येतोय?"

"जवस घातलंय काका," मी म्हणाले. (खोटं नव्हतं!) काकांनी रुमालात तोंड पुसलं. पान रुमालात गेलं की पोटात, हे आजतागायत कळलेलं नाही.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. प्रियाच्या सासूबाई! मी एका हाताने मोर धरलेला, दुसऱ्या हाताने वेल, आणि डोळ्यांसमोर सोमवारची कंपनीची बस. गडबडीत मोर सोडला. त्याची मान पार छातीला टेकली.

"हा मोर असा का?" विहीणबाईंनी विचारलं.

मी पप्पांकडे बघितलं. या माणसाने एका केसाएवढ्या फरकासाठी माझे कितीतरी मोर नापास केले होते. इन्स्पेक्शन रिपोर्टवर कधी खोटी सही नाही केली. पप्पांनी मोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला.

"ताई, तुम्ही आलात ना," पप्पा म्हणाले, "नमस्कार करतोय."

विहीणबाई विरघळल्या! मोरापेक्षा जास्त!! "अगं बाई! पोरी, असाच एक मला माझ्या जावेसाठी करून दे. तिचा मात्र अजून थोडा वाकव."

त्या गेल्यावर मी पुटपुटले, "पप्पा, नाही टिकली ना चौकट..."

"पीस रिजेक्टच आहे," पप्पांनी खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. "पण कस्टमरने घेतला. मग आपण कोण?" आणि मोराच्या पाठीला हिरवी टिकली लावली. पहिली!

मी सोमवारी राजीनामा दिला.

आता प्रॉब्लेम एवढाच आहे की सगळ्यांना तोच वाकलेला मोर हवाय, आणि मुद्दाम केला की तो वाकत नाही, पडतो. सगळं करून बघितलं, कुकर, इस्त्री, मम्मीचं वाफाऱ्याचं मशीन. शेवटी दर ऑर्डरला चहावाल्या मामांना पिंपासकट घरी बोलवावं लागतं. मामा चौकटीमागे चहा उकळतात, मान बरोबर वाकली की "बास!" म्हणतात, आणि खालच्या काकूंना सांगतात, "मोर मीच करतो. पोरगी चहा गाळायला असते."