कोपऱ्यातले पाच दाणे

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते कतरणीसारखे साचत जातात. मशीनखाली पायाने सरकवलेल्या तुकड्यांचं महिन्याभरात पोतं होतं, आणि मग ते फेकून देववत नाही. माझ्या वहीचं तसंच झालं. मी किस्से ऐकायला गेले नव्हते. वस्त्रविद्येतली पदव्युत्तर पदवी, कॉलेजातला शिकवण्याचा अनुभव आणि एक छापील प्रश्नावली घेऊन गेले होते.

मुंबईच्या एका गॅलरीत कुसुमताईंचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलं होतं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्याची पुस्तिका लिहायची आणि प्रत्येक कलाकृतीत काय आहे, दोष कुठे आहे, याचा स्थिती-अहवाल गॅलरीला भरून द्यायचा, ही माझी कामं. ‘स्टुडिओ’ हा शब्द गॅलरीचा. प्रत्यक्षात ती उल्हासनगर कॅम्प चारमधल्या बॅरेकची मागची खोली होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात उमेदीची वर्षं काढून ताई आता तिथे जीन्सच्या कतरणीतून गोधड्या शिवत. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द ऐकले की मी सावध होते. तशीच सावध होऊन मी त्या खोलीत बसले.

*

पहिला प्रश्न होता: आपल्या प्रेरणेचे स्रोत कोणते?

ताईंनी दोरा दातांनी तोडला. “लाईट गेली होती,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे अंधार हे एक प्रतीक म्हणून...”

“प्रतीक कसलं, मॅडम? भारनियमन.”

त्या खोलीला खिडकी नाही. वीज गेली की रंग दिसत नसत, म्हणून त्या तुकडे बोटांनी चाचपून जाडीप्रमाणे लावत गेल्या. सर्वांत जाड मध्यभागी, मग पातळ, कडेला मलमलीइतके तलम. समोरच्या गोधडीत रंगांची सरमिसळ वाटत होती, तिचं कारण हे. कलाकार अशी कारणं मागाहून रचतात, हा माझा अनुभव. तो मी बोलून दाखवला.

“डोळे मिटा आणि हात फिरवा,” ताई म्हणाल्या.

मी फिरवला. जाडी खरोखरच एकेका पायरीने उतरत गेली. फक्त उजव्या बाजूला पातळ पट्टीमध्ये एक जाडजूड तुकडा लागला. मला बरं वाटलं. बोट ठेवून म्हटलं, “इथे क्रम चुकलाय.”

“तिथे लाईट आली,” ताई म्हणाल्या.

*

कतरण देणारे लछूभाई. पुढच्या गल्लीत त्यांचा जीन्सचा कारखाना. इतकी वर्षं ती पोती ते कोणालाही उचलू देत. प्रदर्शनाची बातमी कळल्यावर त्यांनी ताईंसाठी माल निवडून पाठवला: गडद निळा वेगळा, फिका वेगळा, काळा वेगळा, प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी.

ताईंनी सुतळ्या सोडल्या आणि सगळं जमिनीवर ओतून दोन्ही हातांनी पुन्हा एकत्र केलं. लछूभाई दारातच उभे होते.

“अरे साईं, दो आदमी दिनभर बैठे इसके लिए!”

“लछूभाई, शोधायचं काम तुम्हीच केलंत, तर मी काय करू?”

ते रागावून निघाले, पण भिंतीवरच्या एका गोधडीपाशी थबकले. तिच्यात ढगासारखे पांढुरके डाग पसरत गेले होते. माझ्या वहीत ‘रंगछटांवर असामान्य पकड’ अशी नोंद होती.

“ये तो मेरा रिजेक्ट लॉट है,” लछूभाई हळूच म्हणाले. “धुलाई में बिगड़ा था. पार्टी ने पूरा वापस किया.” बराच वेळ ते पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, उस पार्टी को प्रदर्शन का कार्ड भेज सकते हैं क्या?”

मी नोंद खोडली नाही. पुढे कंसात लछूभाईंचं नाव घातलं.

*

एकदा गॅलरीचे व्यवस्थापक समीर कामं पाहायला आले. उत्साही, अभ्यासू तरुण. ताईंच्या घरात बुद्धाची तसबीर पाहिली, भिंतीवर निळ्या गोधड्या पाहिल्या आणि त्यांचं पुस्तिकेचं शीर्षकही ठरलं.

“हे निळं तुमच्या चळवळीचं निळं आहे, बरोबर?”

“नाही. हे जीन्सचं निळं.”

“पण कुठेतरी आत, नकळत...”

ताई उठल्या. कपाटातून इस्त्री करून ठेवलेला निळा झेंडा काढून त्यांनी समीरच्या हातांवर ठेवला. आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून तो घरात होता.

“ते निळं हे. ह्याला मी कात्री लावत नाही.”

समीरनी झेंडा कसा धरावा हे न कळून तो दोन्ही तळव्यांवर तसाच धरून ठेवला. शीर्षकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

मोठ्या गोधडीवर हाताचे टाके घालायचं काम हौसामावशींचं. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून त्या जीपने बदलापूरला आणि तिथून कॅम्प चारला येत. टेप वापरत नसत. वीत आणि चार बोटं, एवढंच त्यांचं माप.

मी टेप लावला. बावीस ओळींचं अंतर अचूक निघालं, मिलिमीटरचाही फरक नाही. तेविसावी ओळ मात्र मध्येच पोट काढून वळली होती आणि पुढे पुन्हा सरळ झाली होती. अहवालात मी लिहिलं: ‘ओळ २३, दोष.’

“काय लिवलंस गो बाय?” मावशींनी विचारलं.

“ही ओळ वाकडी गेलीय.”

“वाकडी नाय. बांध हाय तो.”

मी ‘दोष’ तसाच ठेवला. पुढे काही दिवसांनी मला पाड्यावर जावं लागलं, ते कशासाठी हे लगेच सांगते. मावशींच्या शेताच्या वर उभं राहिल्यावर खाली गोधडीच पसरलेली दिसली. मी बांध मोजत गेले. तेविसावा बांध ऐनाच्या एका झाडाला वळसा घालून पुढे गेला होता.

‘दोष’ मी तिथेच, उभ्याउभ्या खोडला.

*

पाड्यावर जावं लागलं, कारण ती मोठी गोधडी अपूर्ण होती. तीन कोपरे बंद झाले होते, चौथा उघडा. मावशींच्या माहेरची रीत अशी, की शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात आपल्या शेतातलं भात घालायचं, पाच दाणे. उपाशी गोधडी कोणाच्या अंगावर घालायची नाही. नेमक्या लावणीच्या दिवसांत मावशी गावी अडकल्या, आणि गॅलरीचा टेम्पो दोन दिवसांवर आला. ही गोधडी प्रदर्शनाच्या मधल्या भिंतीवर लागायची होती. ती नसती, तर मधली भिंत रिकामी.

“भात बाजारात मिळतं,” मी सुचवलं. “पाच दाण्यांचाच प्रश्न आहे.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या प्रबंधात तुम्ही दुसऱ्याची निरीक्षणं घातली असती का?”

म्हणून आम्ही दोघी गोधडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बारवीला गेलो. मावशी गुडघाभर चिखलात होत्या. हातातली ओळ पुरी केल्याशिवाय वर आल्या नाहीत. मग हातपाय धुतले, पेरून उरलेल्या बियाण्यातले पाच दाणे मडक्यातून काढले आणि ओटीवर बसून कोपरा शिवला. शेवटी त्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आता जा खुशाल.”

ताईंचे डोळे भरून आले होते. मी अहवाल पुरा केला: ‘चौथ्या कोपऱ्यात भाताचे पाच दाणे.’ मी खरं तेच लिहिते.

*

उद्घाटनाला मावशी पहिल्यांदाच मुंबईला आल्या. पाहुणे जमू लागले होते. भिंतीवर उभी लावलेली गोधडी पाहून त्या पुढे सरकल्या आणि ‘स्पर्श करू नये’ या पाटीजवळून हात नेऊन त्यांनी चौथा कोपरा दाबला. पुन्हा दाबला.

“कुसुम, ही उपाशी हाय.”

समीर धावत आले. “मावशी, काळजी नको. धान्याला कीड लागते, म्हणून नियमाप्रमाणे काढून घेतलं. कोपरा नीट शिवलाय. कळणारही नाही.”

“कोनी सांगितलं तुला आत काय हाय ते?”

“अहवालात स्पष्ट लिहिलंय,” समीर म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

ताईंचा आवाज चढला नाही. “समीर, ही खाली उतरवा. मी घरी नेते.”

“ताई, प्रमुख पाहुणे गाडीतून उतरलेत! मधली भिंत...”

“रिकामी राहू दे.”

“दाणे कुठे आहेत?” मी विचारलं.

दाणे पाकिटात होते. पाकिटावर व्यवस्थित लिहिलं होतं: ‘सेंद्रिय पदार्थ, नग पाच.’ मी ते मावशींसमोर धरलं. त्यांनी घेतलं नाही. केसांच्या बुचड्यात खोचलेली सुई काढली, तिच्यात दोरा ओवला आणि माझ्या हातात दिली.

“लिवलंस तू. आता भरव तूच.”

टाक्यांचे सोळा प्रकार मी वर्गात शिकवते. त्या कोपऱ्यापाशी गुडघ्यांवर बसून पाच दाणे आत सारले, तेव्हा एकाचंही नाव आठवलं नाही. दोरा दोनदा सुटला. टाके लहानमोठे पडत होते.

प्रमुख पाहुणे फितीपाशी येऊन उभे राहिले. घड्याळ पाहून त्यांनी विचारलं, “कोणाची वाट पाहतोय आपण?”

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“जरा हळू बोला,” त्या म्हणाल्या. “ती जेवतेय.”