ग्लासाखालचं कार्ड

त्यानं माझं कार्ड वाचलं. वरून खाली. मंग पुन्हा वर गेला, नावावर थांबला. आन् ते कार्ड टेबलावर ठेवून त्याच्यावर पान्याचा ग्लास ठेवला.

वर्ध्याच्या एका हॉलमधली गोष्ट. इंटरनेटवरच्या आमच्या ग्रुपचा पहिला मेळावा. समोरचा मानूस टाइल्सचा व्यापारी. मी त्याले दादा म्हनत होती. दोन वर्सं रोज नेटवर बोलत होतो, तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाकीच्यांची कार्डं त्यानं शर्टाच्या खिशात ठेवलती. दिसत होतं ना मले.

मी ग्लास उचलला, खालून कार्ड काढलं, ग्लास परत जागेवर ठेवला. त्यानं त्या ग्लासाकडं पाहिलं. मंग वाढप्याले हाक मारली, "दुसरा ग्लास आन रे."

बस. सारं समजलं.

आर्वीत एस.टी. स्टँडजवळ माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. दुकान उघडलं तवा बाबा म्हनला, "पाटीवर आडनाव नको टाकू, बाई. पत्रिका शुभकामाची असते. लोकं तिच्या कोपऱ्याले हळदकुंकू लावतात." आमची वस्ती बुद्धविहाराच्या मागची. आमच्याकडं आडनाव ऐकलं की मानूस थेट वस्तीपर्यंत पोचते. म्हनून पाटीवर नुसतं दुकानाचं नाव टाकलं. लपवलं काय? हो, लपवलं. कबूल करते.

मंग दुकानात नेट आलं. मैत्रीची ती साइट आली. बाप्पा, काय याड लागलं होतं! शटर वर केलं की झाडू मागून, आधी कम्प्युटर. कोनाचा स्क्रॅप, म्हंजे पानावर लिहिलेला निरोप, आला, फोटोखाली कोन काय लिहून गेला. मी जिल्ह्यातल्या धंदेवाल्यांची एक कम्युनिटी काढली. मालक म्हनून माझ्या दुकानाचं नाव. सेलूचा तेलवाला डब्याच्या लेबलाचा रंग विचारे. पुलगावचा मंडपवाला जोक टाके, मी दुकानात एकटीच हासत बसे. सारे मले पत्रिकाताई म्हनत. धंद्याचं बोलताना आयुष्यात पहिल्यांदा मजा येत होती. 'तू कोनाची' असं कोनीच विचारत नव्हतं.

दादानं तर माझ्या पानावर लिहून ठेवलतं, "ताई माझी सख्खी बहीण आहे. हिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवा." राखीले मी कुरिअर केलं, पाठवणारी म्हनून दुकानाचं नाव. त्यानं राखी बांधलेल्या हाताचा फोटो टाकला. मले भाऊ नाई. मी रडली, खोटं काऊन बोलू?

म्हनून मेळाव्यासाठी नवीन कार्ड छापलं. पहिल्यांदा पूर्ण नावाचं. भावाजवळ तरी काऊन लपवायचं, म्हनलं. बॅनर मी केला, सगळ्यांचे बिल्ले मी छापले. आन् पहिलं कार्ड त्यालेच दिलं.

जेवनं झाल्यावर त्यानं मले बाहेर वऱ्हांड्यात बोलावलं. "ताई, कम्युनिटीची मालकी माझ्या नावावर करून द्या. आता मोठे लोक जुळून राह्यले. काम तुम्हीच पाहा."

"काऊन?"

"मी नाही मानत हो काही. पण लोकांचं कसं असते, तुम्हाले तर माहीत आहे."

"राखी बांधली तवा लोकं नव्हते काय?"

तो घड्याळाकडं पाहत बोलला, "तेव्हा मले माहीत कुठं होतं?"

मी आर्वीच्या बसमध्ये बसली. राग आलता. त्याच्यापेक्षा जास्त लाज आलती. आन् लाज काऊन आली, म्हनून आनखी राग. करनी त्याची आन् मान खाली माझी?

सकाळी कम्प्युटर लावला. सख्ख्या बहिनीचं ते लिहिलेलं गायब. राखीचा फोटो गायब. एका रात्रीत साफ केलं त्यानं. फक्त एक नवीन स्क्रॅप होता, "ताई, ट्रान्सफर केलं का? प्लीज जल्दी."

मालकी देन्याचं बटन समोर होतं. लग्नसराई तोंडावर आलती. अर्ध्या पत्रिका याच लोकांच्या ओळखीनं येत. हात माउसवर गेला माझा. हेबी कबूल करते. दाबलं असतं तर कोनाले कळलंबी नसतं. पत्रिकाताई राह्यली असती, दादा राह्यला असता, सारं गोड गोड. आन् मी जल्मभर त्याच्या ग्लासाखाली.

मी दुकानाचं नाव खोडलं. तिथं माझं पूर्ण नाव टाकलं, बाबाच्या नावासकट, आडनावासकट. पर्समधून ते कार्ड काढलं. त्याच्यावर ग्लासाचा गोल डाग पडलता. तसंच स्कॅन केलं आन् कम्युनिटीचा फोटो म्हनून लावलं. खाली लिहिलं, "मालक मी आहे. मालकी कोनाले भेटनार नाई. डाग कायचा आहे ते दादाले विचारा."

लोकं कम्युनिटी सोडून गेले. मंडपवाला एक शब्द न बोलता गेला. ज्याच्या जोकवर मी हासहासून बेजार झालती, तोच. ते लई लागलं. सेलूचा तेलवाला राह्यला, त्यानं लेबलबी माझ्याकडूनच छापलं. दादाले मी काढू शकत होती. नाई काढलं. त्याचं गिऱ्हाईक तिथंच होतं, तो जाते कुठं! रोज पान उघडे, रोज वर माझं पूर्ण नाव वाचे.

मंग पेंटरले बोलावून दुकानाच्या पाटीवरबी आडनाव टाकलं. बाबा रस्त्याच्या पलीकडं उभा राहून वाचत होता. मले म्हनला, "अक्षर बारीक झालं." पेंटरले पुन्हा शिडीवर चढवलं.

त्या सीझनले पत्रिका कमी आल्या. आल्या त्या आडनाव वाचून आल्या.

आता कोनी ताई म्हनलं की मी आधी कार्ड देते आन् त्याच्या हाताकडं पाहते. खिशात ठेवलं तर धंद्याचं बोलते. पुन्हा कोनी ग्लासाखाली ठेवलं, तर ग्लास उचलीन. पन त्या दिवशीसारखा परत नाई ठेवनार. त्याच्या डोळ्यात पाहत त्यातलं पानी मीच पिऊन टाकीन.