शिडाच्या कापडाची उशी

एस्तेर गेल्याची चिठ्ठी मला गुहागरला मिळाली, आगबोटीच्या टपालातून. चार दिवसांचा ताप, आणि रविवारी दुपारी झोपेतच... चिठ्ठी लिहिणाऱ्या नर्सने शेवटी भीतभीत लिहिलं होतं, ‘बाई व्हरांड्यातच गेल्या, आपल्या उशीवर.’ रडायचं ते मी रडलेच. पण खरं सांगते, आधी मला अभिमान वाटला. एके काळी खुर्चीला पाठ टेकायचीही जिला चोरी होती, ती बाई भर दुपारी, चारचौघांत, उशी घेऊन निजली होती. आज सहा आठवडे झाले, तरी तो अभिमान काही उतरत नाही.

रत्नागिरीच्या मिशनच्या दवाखान्यात मी तिच्या हाताखाली शिकायला लागले ते चोवीस-पंचवीस साल असेल. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पण ‘बाई म्हणू नकोस, एस्तेर म्हण’ असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातातलं एकेक काम काढून घ्यायला लागली. मी पाणी उकळत ठेवलं की ही चुलीपाशी हजर. मी बाळ पुसायला घेतलं की ‘आण इकडे’. मी दोन वर्षं नुसती फडकी घड्या करत होते म्हणा ना. रविवारची तर तऱ्हाच वेगळी. विश्रांतीचा दिवस पाळायचा म्हणून त्या दिवशी चूल पेटवायची नाही, असा आम्हा नर्सांच्या घराचा नेम. त्यासाठी ही शनिवारी आम्हा सातजणींचा दोन वेळचा स्वयंपाक एकटी रांधून ठेवायची. रविवारी उपासनेहून आल्यावर आम्ही गार भात आणि आदल्या दिवशीचं माशाचं तिखलं खाऊन लोळायचो, आणि ही आमच्या सगळ्यांच्या वाटचं काम करायला वॉर्डात. विश्रांतीचा दिवस पाळता पाळता बाई अर्धमेली व्हायची.

मी एकदा चिडून म्हटलं, “सातव्या दिवशी देवसुद्धा थांबला. तुझं काम त्याच्याहून मोठं आहे का?”

“त्याच्या हातून कोणी दगावलं नव्हतं,” ती म्हणाली आणि कंदिलाची काच पुसत राहिली.

मग मला इतर नर्सांकडून कळलं. ती नवी असताना एका दुपारी तिचा डोळा लागला, आणि तेवढ्या वेळात एक बाळंतीण गेली. तू जागी असतीस तरी ती वाचली नसती, असं डॉक्टरांनी तिला शंभरदा सांगितलं. पण तिने ते कधी मानलं नाही. त्या दिवसापासून झोप म्हणजे तिला गुन्हाच वाटायचा.

या धाकातून ती सुटली ती भाट्याच्या खाडीत. खाडीच्या आतल्या अंगाला एका गावी तिला बाळंतपणासाठी नेलं होतं. दोन दिवस अडलेली बाई मोकळी करून सकाळी ओहोटीबरोबर ती लखूतात्यांच्या होडीतून परत येत होती. लखूतात्या म्हणजे राजिवड्याचे म्हातारे खलाशी, तोंडाने फटकळ. हे सगळं मला नंतर त्यांनीच सांगितलं. एस्तेर पिशवी छातीशी धरून ताठ बसलेली, मान पुढे पडायची, ती पुन्हा सावरून बसायची. शेवटी तात्या वैतागले.

“बाय माझे, व्हडी मी वल्हवतंय ना? तू जागी ऱ्हायलीस तर ती काय बिगीबिगी जायाची हाय?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली म्हणे. मग हसली, शिडाच्या कापडाची गुंडाळी डोक्याखाली घेतली आणि आडवी झाली. राजिवड्याला लागल्यावर तात्यांनी तिला उठवलं नाही. होडी बांधली, तिच्यावर सावली धरली आणि विडी ओढत बसले.

इकडे दवाखान्यात माझी कंबख्ती. डॉक्टर दौऱ्यावर, एस्तेरचा पत्ता नाही, आणि बैलगाडीतून बाई आलेली, मूल पायाळू. एकटीने मी तोवर एकही बाळंतपण केलं नव्हतं. पण दोन वर्षं जे नुसतं बघितलं होतं ते आठवून करत गेले, प्रार्थना तोंडाने चालूच होती, आणि देवाच्या दयेने मूल रडलं. मी त्याला पुसत होते तेवढ्यात एस्तेर धावत आली. दारात गाडी बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि एका गालावर शिडाच्या विणीची नक्षी उमटलेली.

“मी झोपले होते,” ती म्हणाली.

“गालावर दिसतंय,” मी म्हटलं.

“आणि ही...?”

“दोघंही बरी आहेत. मुलगी झाली.”

ती पायरीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “इतकी वर्षं मी देवाच्या हाती वल्हं दिलंच नाही गं. आणि तुझ्याही नाही.”

मग लखूतात्यांकडून तिने शिडाचं जुनं कापड मागून आणलं, त्यात सावरीचा कापूस भरला आणि उशी शिवली. दर रविवारी उपासनेनंतर ती दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर निजायची. आतल्या खोलीत निजावं, लोक काय म्हणतील, असं मिशनच्या मोठ्या मॅडमनी सुचवून बघितलं. एस्तेर म्हणाली, “वादळात प्रभू तारवात झोपला होता, तेव्हा शिष्यांचीही हीच तक्रार होती.” मला मात्र ती म्हणाली, “लपून निजले तर या मुलींना ती चोरीच वाटेल.” तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्सा आज किनाऱ्यावर गावोगाव आहेत, आणि एकही अर्धमेली नाही.

उशी ती माझ्या नावाने ठेवून गेली. महिनाभर मी तिला हात लावला नाही. गेल्या रविवारी मात्र आमच्या इथल्या दोन खाटांच्या दवाखान्याच्या ओसरीवर तिच्यावर डोकं टेकलं. कापडाला अजून खाऱ्या पाण्याचा वास आहे. डोळा लागतो न लागतो तोच अंगणात बैलगाडी थांबली, बाईचं कण्हणं ऐकू आलं. उठायला मी हात टेकला. तेवढ्यात माझ्याकडे शिकणारी सगुणा दारातून गाडीवाल्याला म्हणाली, “बाई निजल्यात. मी आहे ना, आणा त्यांना आत.” तिचा आवाज जरा कापत होता.

मी टेकलेला हात काढून घेतला आणि कूस बदलली.