पेठेतला वाटणीचा आड

आधीच कबूल करतो, तुमचं हे भुताखेतांच्या अनुभवांचं सदर मी वाचतो ते हसण्यासाठी. पांढरी साडी, पिंपळ, अमावास्या... आणि शेवटी गावातलं कुणीतरी सांगणार, "अहो, ती तर कधीच वारली!" मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि दोघं मिळून हसतो. परवा असंच हसताना ती म्हणाली, "मग तुमच्या बीडच्या आडाचं काय?" माझं हसू तिथंच थांबलं. इतकी वर्षं झाली, पण त्या एका गोष्टीवर मला हसता आलेलं नाही. म्हणून लिहितोय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, मी रागावणार नाही.

मी आष्टी तालुक्यातल्या एका सहकारी दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रावर मेकॅनिक होतो. कॉम्प्रेसर बंद पडला तर त्याला कारण असतं – गॅस गेलेला असतो, बेल्ट तुटलेला असतो, नाहीतर वायरमननं काहीतरी करून ठेवलेलं असतं. कारण सापडत नाही याचा अर्थ आपण नीट शोधलेलं नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. घरी आई रोज इष्टलिंगाची पूजा करायची. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, आणि मगच पाण्याचा पहिला घोट. मी स्वतः लग्नानंतर सगळं सोडून दिलं होतं. आई त्यावर काही बोलायची नाही, फक्त माझ्या ताटात भाजी जरा कमी पडायची.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. जनावरं साखर कारखान्याच्या चारा छावणीत, माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. दूध इतकं आटलं होतं की केंद्रावरची मोठी टाकी आम्ही बंदच ठेवली होती आणि रजा मागितली की लगेच मिळत होती. अशात घाटनांदूरहून फोनवर निरोप आला – बंडूमामांचं काही खरं नाही, आक्काला घेऊन या.

बंडूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. घाटनांदूरला किराणा दुकान. आईची आई लवकर गेली, तेव्हा आईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. दिवाळीत मामाला लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. निरोप ऐकून आई रडली वगैरे नाही. म्हणाली, "तो असताना त्येचं तोंड बघायचं हाय मला. गेल्यावर बघून काय करू?"

पहाटेची गाडी होती. घरात होतं ते चांगलं पाणी आईनं तांब्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि म्हणाली, "पूजा बीडला करते. आता बसले तर गाडी चुकंल." ही तिची चूक म्हणा, की आमच्या लोकांची सवयच म्हणा. पूजा पुढं ढकलली की तहानही पुढं ढकलायची, हे तिनं गृहीतच धरलं होतं.

गाडीत ही गर्दी! आमच्या शेजारी एक ऊसतोडीवरून परतलेली बाई उभी होती, काखेत तापलेलं पोर. बीड यायच्या आधीच त्या पोरानं मान टाकली. बाई घाबरून ओरडायला लागली. आईनं तांब्याचं फडकं सोडलं, पोराच्या डोक्यावर पाणी मारलं, ओठांवर सोडलं, उरलेलं त्या बाईला पाजलं. पोरानं डोळे उघडले. आईनं रिकाम्या तांब्याला परत फडकं बांधलं.

बीडला उतरलो तर घाटनांदूरसाठी धरायची अंबाजोगाईची गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची दुपार कलल्यावर. वर ऊन असं, की स्टँडावरची कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली. नळ कोरडा. चहाच्या हॉटेलात ड्रम होता, पण त्यात जो तो आपला ग्लास बुडवत होता. आईला म्हटलं, "हे घे." ती म्हणाली, "उष्टं पानी लिंगाला घालू?" मग म्हटलं, पूजा राहू दे, तू नुसतं पाणी पी, महादेव काही फाशी देत नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भरलेला ग्लास तिथंच ठेवून दिला.

तासाभरानं तिचे ओठ पांढरे पडले. बोलताना जीभ टाळूला चिकटायला लागली. आधीच तिला चक्करचा त्रास. मला दिसत होतं, ही आता इथंच पडणार. मग घाटनांदूर कुठलं, बीडच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसावं लागणार आणि तिकडं मामा तिला न बघताच जाणार. मला तिचा इतका राग आला... आणि तितकीच भीती वाटली. पिशव्या तिच्याजवळ ठेवल्या, एका म्हाताऱ्या प्रवाशाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि तांब्या घेऊन निघालो.

बीड मी तोवर स्टँडापुरतंच पाहिलं होतं. हातपंपावर घागरींची रांग लागलेली, आणि पंप खोकल्यासारखा आवाज करून हवाच फेकत होता. मधे शिरायला गेलो तर बायकांनी माझा उद्धार केला. चुकीचं काही बोलल्या नाहीत. तसाच पुढं चालत राहिलो. बिंदुसरेच्या पुलावरून खाली पाहिलं, नदीत पोरं क्रिकेट खेळत होती. पलीकडे पेठ. दुकानांचे दरवाजे उन्हामुळं अर्धे लावलेले. एक शिंपी तेवढा मशीनवर बसला होता. त्याला विचारलं.

"पानी?" तो हसला. "आगे गल्ली में एक पुराना आड हय मियां. पन उसमें पानी कां का अब? देख लेव."

गल्लीच्या टोकाला बिनदाराचं एक आवार होतं. समोर उंच भिंत आणि भिंतीच्या बरोबर मधे आड. अर्धं तोंड अलीकडं, अर्धं पलीकडं, वर कमान करून भिंत तशीच पुढं नेलेली. आमच्याकडे भावाभावांत वाटण्या झाल्या की घर मधोमध कापतात, पण आड कापता येत नाही. मग भिंत त्याच्यावरून नेतात, म्हणजे दोघांनी आपापल्या बाजूनं शेंदायचं आणि एकमेकांचं तोंड बघायचं नाही. माझ्या बाजूला रहाट नव्हता, दोर नव्हता, पोहरा नव्हता. वाकून पाहिलं तर नुसता काळोख. आता काय करावं, म्हणून तिथंच उभा राहिलो.

तेवढ्यात पलीकडून रहाट कुरकुरला.

"कुणी आहे का हो तिकडं?" मी ओरडलो.

"हाय की." आवाज घोगरा, आडात घुमून येणारा.

"तांब्याभर पाणी मिळंल का? आई स्टँडावर बसलीय, लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याला शिवत नाही."

मग दोर सुटल्याचा आवाज आला, सरसर सरसर, किती तरी वेळ. मग खूप खोलवर पोहरा पाण्यावर आपटला. तो आवाज ऐकून मी तांब्या घेऊन कठड्यावर वाकलो.

"लई खोल गेलंय," तो म्हणाला. ओढताना त्याला धाप लागत होती. मधेच थांबायचा, पुन्हा ओढायचा.

"मी येऊ का पलीकडं? मी ओढतो."

"तुज्याच्यानं व्हायचं न्हाई बे. हुबा ऱ्हा." आणि मग, दम खात, स्वतःशीच बोलल्यासारखा, "पयल्यापासनं आशीच हाय ती. हातातलं पानी दुसऱ्याच्या लेकराला पाजंल आन् सोता तोंड सुकवून बसंल."

मला तेव्हा एवढंच वाटलं, की म्हातारा बोलका दिसतोय. कमानीखालून पोहरा झोके खात माझ्याकडे आला. मी तो पकडला. गार होता. काठोकाठ पाणी. तांब्या भरून घेतला, हात ओले झाले, शर्टावर सांडलं. पोहरा परत सोडला आणि म्हटलं, "लई उपकार झाले, बाबा."

पुलावर येईपर्यंत मी घाईत होतो. पुलावर पाय थबकले. मी त्याला पूजेचं सांगितलं होतं. गाडीतल्या पोराचं तर सांगितलंच नव्हतं.

स्टँडावर आईनं कोपऱ्यात बसून पूजा केली. मग ते पाणी प्याली, डोळे मिटून, घोट घोट. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मी तिला सगळं सांगितलं, तो काय म्हणाला तेही. तिचा हात तांब्यावर तसाच राहिला.

"आजून काय म्हनला?"

"काही नाही. धाप लागली होती त्याला."

तिनं पदराच्या गाठीतला गुळाचा खडा लिंगाला दाखवला आणि माझ्या हातावर ठेवला. "पूजंला पानी देनाऱ्याचं तोंड गोड करावं लागतं. देऊन ये. त्याबिगर मला घास जायचा न्हाई."

गाडीला अजून वेळ होता. गेलो. या वेळी मुद्दाम पलीकडच्या गल्लीतून गेलो, म्हटलं माणूस समोर दिसेल. घर नव्हतंच. दगडमातीचा ढीग, त्यावर वेडी बाभूळ माजलेली, थेट आडाच्या तोंडापर्यंत. तिथं माणसाला उभं राहायला वीतभर जागा नव्हती. रहाटाचे दोन खांब बुडापाशी मोडलेले. समोरच्या ओट्यावर एक बाई डाळ निवडत बसली होती.

"या घरातले कुठं गेले?" मी विचारलं.

"त्ये पडून लई सालं झाली. कावून इचारता?"

"आडाला पाणी आहे ना?"

तिनं सूप खाली ठेवलं. "पानी आसतं तर आमी टँकरमागं पळालो आसतो का, दादा?"

मी काट्यांतून हात घालून दगड टाकला. टक्क असा कोरडा आवाज आला. दुसरा टाकला, तसाच. माझा शर्ट पोटापाशी अजून ओलाच होता. गूळ मी अलीकडच्या बाजूला येऊन कठड्यावर ठेवला आणि परत आलो.

आईला म्हटलं, "माणूस भेटला नाही. कठड्यावर ठेवलाय."

"पोचंल," ती म्हणाली आणि भाकरी सोडली.

घाटनांदूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दुकानाच्या फळ्या लावलेल्या. आत मामीनं आईला पाहिलं आणि हुंदका दिला. मला वाटलं, संपलं. पण मामी म्हणाली, "दुपारधरनं हे आसंच चाललंय आक्का. काय करावं, काय कळंना. डाक्टर सुई देऊन गेले, तरी थांबंना."

मामा खाटेवर उताणा होता. डोळे छताकडे. आणि त्याचे दोन्ही हात हवेत होते. एक हात वर जायचा, मूठ वळायची, छातीपर्यंत खाली यायची, की दुसरा वर. एकामागून एक, सावकाश. उजवासुद्धा. दिवाळीपासून ज्या हाताचं बोट हललं नव्हतं, तोसुद्धा. मधेच थांबायचा, छाती भात्यासारखी वरखाली व्हायची, पुन्हा सुरू.

मी दारातच उभा राहिलो. मला आत जाववेना.

आई त्याच्याजवळ बसली. त्याचा एक हात धरून तिनं मूठ उघडली आणि दिव्याकडे वळवली. आयुष्यभर तराजू धरलेला, त्यात सगळा हिवाळा अंथरुणात गेलेला माणूस, तळवा लहान मुलासारखा मऊ. त्यावर आडवे लाल वळ उठले होते, बोटांच्या मुळाशी कातडी सोलवटलेली. दुसऱ्या हातावरही तसंच. मामी म्हणाली, "चादरीला घासलं आसंल." पण हात तर हवेत होते.

आईनं ते दोन्ही तळवे स्वतःच्या गालांना लावले. मग त्याच्या कानाशी वाकली आणि लहान पोराशी बोलावं तसं बोलली, "बंडू, मिळालं रे पानी. तांब्या भरून मिळालं. पूजा झाली, पोटभर प्याले मी. आता नको वढू, राजा. पुरलं."

हात थांबले. तिच्या गालावरून घसरत खाली आले आणि खाटेवर निवांत पडले. मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उशीवर गेलं. नंतर ते हात पुन्हा हलले नाहीत. त्याच आठवड्यात तो गेला, आई उशाशी असताना.

आता कारणं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले लकव्यात असे झटके येऊ शकतात. मान्य. तळवे कुठंतरी घासले असतील, मान्य. उन्हानं माझं डोकं फिरलं होतं आणि पाणी मी दुसरीकडूनच कुठून तरी आणलं, हेही मी स्वतःला बरेच दिवस पटवून पाहिलं. पण पोहरा मी हातात धरला होता. गाडीतल्या पोराचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि वळ उठलेले तळवे मी दिव्याच्या उजेडात पाहिलेत. नंतर कामासाठी बीडला खूपदा जाणं झालं. पेठेत मात्र कधी पाऊल टाकलं नाही.

आईला एकदाच विचारलं, तो खरंच मामा होता का? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तहान लागली व्हती, त्यानं पानी दिलं. त्येच्यात इचारायचं काय हाय?"

तिला नव्हतं विचारायचं. मला आहे, अजून आहे. पण कुणाला विचारायचं, तेच कळत नाही.