कमठ्यावरचे तीन काटे

लग्न होऊन मी कामरगावला आले तेव्हा आमच्या मळ्यात वांग्यांपेक्षा वांदरंच जास्त होती. सासरे त्यांना शिव्या द्यायचे आणि आमचे हे कमठ्यानं, म्हणजे धनुष्यानं, तीर मारायचे. शिव्या ऐकून वांदरं निदान वळून बघत. तिरांकडे त्यांचं लक्षच नसे.

कमठा चांगला होता, यांनी स्वतः बांबू वाकवून केलेला. जनावराला इजा नको म्हणून तिराच्या पुढे टोकाऐवजी चिंध्यांचा बोळा बांधलेला. भाजी खुडता खुडता मी पाहायची. वांदर जवळ असलं की तीर त्याच्या डोक्यावरून जाई, लांब असलं की अलीकडेच पडे.

"अवो, तुमी दर बारीले सारखाच नेम धरता," मी एकदा म्हणाले. "जवळचं येगळं, दूरचं येगळं नसते का?"

"अंदाज लागते त्याले."

"मंग तो अंदाज कमठ्यावरच लावून ठेवा ना!"

बोलून गेले आणि अडकले. दुसऱ्या दिवशी यांनी मुठीच्या वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली, तिच्यावर मेण थापलं आणि बाभळीचे तीन काटे तोडून आणले. काटा पट्टीत आडवा टोचायचा, त्याचं टोक निशाणावर धरायचं आणि तीर सोडायचा. एक काटा वीस पावलांचा, एक चाळीसचा, एक साठचा. निशाण म्हणजे बांधावर पालथं घातलेलं टोपलं.

वीसचा जमला. चाळीसचा काही केल्या जमेना. लांबचं म्हणून हे काटा वर सरकवत, आणि जितका वर सरकवत तितका तीर आणखी अलीकडे मातीत पडे.

"खाली घ्या तो," मी म्हणाले.

"येडी झाली का? दूरचं वर असते."

"काटा खाली घेतला म्हनजे तो टोपल्यावर धराले कमठा वर उचला लागन. करून तं पाहा!"

पाहिलं. टोपलं गडगडत गेलं. हे बराच वेळ कमठ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

साठच्या काट्याला चार दुपारी गेल्या. हे दोरी कधी गालापर्यंत ओढत, कधी कानापर्यंत, त्यामुळे काट्याचा हिशेबच लागेना. मी ओढून पाहिली, तर माझा हात दर वेळी हनुवटीखालीच थांबायचा. शेवटी हे काटा सरकवू लागले आणि तीर मी मारू लागले. सुनेच्या हाती कमठा दिसायला नको म्हणून सासरे बाजारातून यायच्या आत आम्ही सगळं आवरून ठेवायचो.

मग एक दिवस आसेगावहून नणंदेचे सासरे आले. त्यांच्यापुढे यांना काट्यांची करामत दाखवायची हौस आली. निशाण वीस पावलांवर आणि घाईत यांनी धरला साठचा काटा. तीर टोपल्यावरून उंच गेला, मागे दोरीवर वाळत घातलेल्या सासऱ्यांच्या फेट्यात गुंतला आणि फेट्यासकट विहिरीत पडला.

पाहुणे पोट धरून हसले. सासऱ्यांना काही हसू आलं नाही.

"हे काटे कोनं बसवले?"

यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "हिनं!"

"मंग तिलेच मारू दे. पाहू तं खरं."

मी डोक्यावरचा पदर दातात धरला, कमठा उचलला. पाहुण्यांनी टोपलं मुद्दाम चाळीस पावलांवर नेऊन ठेवलं. मधला काटा टोपल्यावर धरला आणि तीर सोडला. टोपलं बांधापलीकडे उडालं.

सासरे बांधापलीकडून टोपलं घेऊन आले. मग मुलाला म्हणाले, "उद्यापासून वांदरं सूनबाईकडं. तू मोट हाक. अन् पैले माहा फेटा काढ."

हे आकडा घेऊन विहिरीकडे गेले. जाताना माझ्याकडे पाहून असे हसले की मला राग धरायला जागाच राहिली नाही.

पुढे हंगामभर मी वांदरं राखली. त्यांना तीनही काट्यांचा चांगलाच प्रसाद मिळाला. पण वांदरं आमच्याहून हुशार निघाली. आठ-पंधरा दिवसांत सगळी टोळी सत्तर पावलांवरच्या निंबावर येऊन बसू लागली. चौथा काटा टोचायला गेले तर पट्टीवर जागा नव्हती. साठच्या काट्याखाली लगेच माझी मूठच होती. निंबावरून वांदरं वांग्यांकडे बघत बसायची, आणि मी त्यांच्याकडे.