उपासाने वाढलेलं वजन

२५ ऑगस्ट १९९६, रविवार. संध्याकाळी मी डोंबिवलीच्या घरात साबुदाणा निवडत होते. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. उपास करणाऱ्या दोघी: सासूबाई आणि माझी कॉलेजातली मुलगी. मी नोकरी लागल्यावर उपास सोडून दिले होते.

मुलीची पाळी मार्चपासून आलेली नव्हती. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करवली, पीसीओडी आहे म्हणाल्या, आणि वजन उतरवायला सांगितलं. दिवाळीपर्यंत खाणं सांभाळून पाळी आली तर ठीक, नाहीतर गोळ्या. मुलीला गोळ्या नको होत्या. वर्गातली एक मैत्रीण त्या घेऊन दिवसभर मळमळत असायची, ते ती पाहत होती. मग वजन उतरवायचा जो एकच उपाय आमच्या घराला ठाऊक होता, तो तिने धरला. सोमवार होताच, त्यात गुरुवार आणि शनिवार घातले. मीही तिला उपासाचं करून देत राहिले.

सासूबाईंना त्यात काळजीसारखं काही दिसत नव्हतं. "बरंच आहे की, गौरी-गणपतीत अडचण नाही."

"आजी, मग तूच घे हा आजार," मुलगी म्हणायची.

आदल्या दिवशी आम्ही दोघी परत ठाण्याला जाऊन आलो होतो. वजन वाढलेलं निघालं. उपासाला काय खाता, असं बाईंनी विचारलं. मी सांगत गेले: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळी, केळी, राजगिऱ्याचा लाडू.

"आणि बाकीचे दिवस?"

"पोळी-भाजी, उसळ, ताक."

"मग बाकीचे दिवसच उपासाचे म्हणायचे," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

हे सगळं डोक्यात असूनही हाताने सवयीने दोघींपुरता साबुदाणा घेतला होता. अर्धा डब्यात परत ओतला आणि बाहेर जाऊन सासूबाईंना सांगितलं, "उद्या तिचा उपास नाही."

त्या वाती वळत होत्या. "श्रावणातला सोमवार मोडायचा?"

"त्या खाण्याने वजन वाढतंय तिचं."

"देवाच्या नावाने खाल्लेलं अंगी लागत नाही."

"माझ्या लागलंय, आजी," मुलगी आतून म्हणाली. "काट्यावर दिसलं."

सासूबाईंनी आणखी दोन-तीन वाती वळल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धरलेला उपास असा टाकता येत नाही. तिचा तू धर."

मला उपाशीपोटी पित्त होतं, हे त्यांना माहीत होतं. खाणं बदलून गोळ्या टळतील की नाही, हे मला माहीत नव्हतं. पण त्यांच्या संमतीशिवाय मुलगी खाणार नव्हती, आणि दिवाळी फार लांब नव्हती.

"धरते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूगडाळीची धिरडी घातली. मुलगी आजीकडे बघत होती, म्हणून मुलीसमोर बसून धिरडी तिला पोटभर खायला लावली. मग मी नुसता चहा घेतला आणि ऑफिसला निघाले.