सरांचं अक्षर

पांढुर्ण्याच्या ज्या अडत्याकडे मी कामाला लागलो, त्याने कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्यासाठी एक वेगळी खोली काढली, खिडकीला कूलर बसवला आणि दारातच चपला काढायला लावल्या. मशीनपुढे नारळ फुटला. दुकानाचे म्हातारे मुनीम रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सौंसरच्या नगरपालिकेतल्या शिपायाचा मुलगा, नागपूरहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेलो. रोज बसने पांढुर्ण्याला जायचं आणि त्या खोलीत बसून संत्र्याच्या बाजाराचा प्रोग्राम लिहायचा, हे माझं काम.

प्रोग्राम तसा साधा होता. दिल्लीचे, नागपूरचे व्यापारी ट्रंककॉल करून माल किती हवा आणि भाव काय देणार ते सांगत. सावरगाव, मोहगावकडचे बागवाले दुकानात येऊन आपल्या झाडांवर काय आहे ते सांगत. दोन्हीकडचं मशीनमध्ये भरलं की कोणाची बाग कोणाच्या मागणीला जुळते त्याचा कागद छापून निघे, आणि तो दुकानाच्या दाराशी चिकटवला जाई. पण तो निघायचा इंग्रजीत. लोक त्याच्यासमोर उभे राहत, मान वाकडी करून पाहत आणि मग आत येऊन मलाच विचारत, "काय लिहून राहिलं जी हे?"

ही अडचण मी सरांपाशी बोललो. सर म्हणजे सौंसरच्या शाळेत मला गणित शिकवलेले मास्तर. आमच्या घरात लिहायला लागलेला पहिला हात माझा, आणि तो सरांनीच वळवलेला. फळ्यावर त्यांचं अक्षर असं उमटायचं की तास संपल्यावर पुसायला जीव होत नसे. त्यांचा 'ल' जरा पुढे झुकलेला, घाईने निघालेल्या माणसासारखा. 'ळ'ची दुसरी गाठ पहिलीपेक्षा लहान. उभी रेघ खाली येताना किंचित थबकलेली.

"पडद्यावर अक्षर कसं उमटते, ते सांग मले," सर म्हणाले.

"ठिपक्यांनी, सर. चौकोनांची जाळी असते. कोणता चौकोन भरायचा आणि कोणता सोडायचा, एवढंच."

दुसऱ्या रविवारी ते आलेखाच्या कागदांची चळत घेऊन पांढुर्ण्याला आले. त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही त्या खोलीत काढले. सर पेन्सिलने चौकोन काळे करत, मी त्यांचे आकडे करून मशीनमध्ये घालत असे. वेलांटीला वर जागा उरत नसे, उकार खालच्या ओळीत घुसे. सर चिडत, खोडत, पुन्हा काढत. पडद्यावर पहिल्यांदा 'संत्रा' उमटला तेव्हा मुनीमजी खुर्ची सोडून उभे राहिले.

मालकांना ही अक्षरं फक्त आपल्या दुकानात हवी होती. सरांनी ऐकलं नाही.

"शेठ, मी फळ्यावर लिहितो तं पोरं उतरवून घेतातच ना? मी कोणाले नाही म्हणतो का? बाजाराचा प्रोग्राम तुमचा. अक्षरं जो मागंल त्याची."

मालक कुरकुरले, पण सरांपुढे त्यांचं चाललं नाही. मग मी अक्षरांचा भाग बाजाराच्या प्रोग्रामपासून वेगळा काढला, कोणालाही आपल्या प्रोग्रामला जोडता येईल असा. जो येई त्याला फ्लॉपीवर भरून देत गेलो. सौंसरच्या टायपिंग क्लासवाल्याने नेली, नागपूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने नेली. छिंदवाड्याहून कोणी कोणी येऊन नेली. त्यांनी पुढे कोणाला दिली ते आम्ही विचारलं नाही. सरांना त्यातच आनंद होता.

त्या वर्षी पोळ्यानंतर सरांना कावीळ झाली. त्यांनी ती अंगावर काढली. नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

तेरवी झाल्यावर मी कामावर गेलो, मशीन सुरू केलं, आणि पडद्यावर सरांच्या हातचं 'नमस्कार' उमटलं. ते रोजच उमटायचं. त्या दिवशी मात्र माझा हात कळफलकावर जाईना. मुनीमजी उदबत्ती घेऊन आत आले, पडद्याकडे पाहिलं, आणि उदबत्ती खाली ठेवून बाहेर गेले. पुढे सवय होईल असं मला वाटलं. झाली नाही. दुपारी छपाईचं यंत्र करकर करत ओळी काढू लागलं की मागे कोणीतरी खडूने लिहीत आहे असं वाटे, आणि मी वळून पाहत असे.

थंडी सुरू झाल्यावर एक दिवस काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या घरी आल्या. माझ्या आईने चहा ठेवला. काकूंनी कप हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

"बाबू, ते अक्षर बंद करता येईल का रे?"

मला आधी समजलंच नाही.

"मी जामसांवलीले मारुतीच्या दर्शनाले गेली होती. तिथं नारळवाल्याच्या दुकानात कागद लावला होता. त्यांचंच अक्षर. मी दर्शन न घेताच परत आली. मंग सौंसरच्या दवाखान्यात दिसलं. परवा किराण्याच्या दुकानात." त्यांनी कप खाली ठेवला. "तिथं लिहून होतं, उधार बंद आहे. त्यांनी जन्मात कोणाले असं म्हटलं नाही, आणि तिथं त्यांच्या हातचं लिहून होतं."

आई पदर तोंडाला लावून बसली होती. मी म्हटलं, "मी बदलतो काकू. नवी अक्षरं काढतो."

मी नवीन अक्षरं काढायला बसलो. कोणाचीच वाटणार नाहीत अशी, सरळ, कोरडी. पण 'ळ' काढताना दुसरी गाठ आपोआप लहान होई. 'ल' झुके. माझाच हात त्यांनी वळवलेला, तो दुसरीकडे जाणार कुठे? शेवटी मी पट्टी लावून एकेक रेघ मारली आणि चौकोन भरले. अक्षरं झाली. वाचताही येत होती. पाहावीशी वाटत नव्हती.

मालक म्हणाले, "काहून बदलतो? लोकं हे अक्षर ओळखतात." मी काकूंचं सांगितलं. मग ते इतकंच म्हणाले, "बदल." टायपिंग क्लासवाल्यानेही माझ्यासमोर नवी फ्लॉपी चढवली, पण जुनी अक्षरं त्याने आधीच किती जणांना दिली ते त्यालाच आठवेना. त्याने दोन-तीन नावं सांगितली, त्या लोकांनी आणखी नावं सांगितली. मी जिथे पोचलो तिथून अक्षरं आधीच पुढे गेलेली असत.

असा फिरत फिरत मी छिंदवाड्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोचलो. शिकवणारी मुलगी माझ्याच वयाची, मूळची मोहगावची. तिने कौतुकाने मशीन सुरू करून दाखवलं. पडद्यावर सरांची अक्षरं आली. त्यांच्या शेवटी 'क्ष' आणि 'ज्ञ' होते.

मी खुर्ची पुढे ओढली. ही दोन अक्षरं सरांनी काढलीच नव्हती. पुढच्या रविवारी काढू, असं ते म्हणाले होते, आणि नंतर ते आजारी पडले. तरी ही त्यांचीच होती. 'ज्ञ'ची रेघ खाली येताना तशीच किंचित थबकली होती.

"हे कोणी काढलं?" मी विचारलं.

"मीच. यात नव्हते ना. बाकीची अक्षरं पाहून पाहून काढले. पहिले जमेचना. मंग हात आपोआप तसा वळला." ती हसली. "कोणाची आहेत हो ही अक्षरं? तुम्ही ओळखता का त्यांना?"

मी सांगितलं. काकूंचं म्हणणंही सांगितलं. मग तिने विचारलं, "काढून टाकू का?" माझ्या खिशात नवी फ्लॉपी होती. ती बाहेर काढायला माझा हात उठला नाही. मी त्या दोन अक्षरांचा कागद छापून मागितला आणि बस पकडली.

संध्याकाळी काकूंच्या घरी गेलो. म्हटलं, "नाही जमलं काकू. ते आता थांबत नाही. कोणाकोणापाशी आहे, मलेच माहीत नाही." आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो दिव्याखाली धरला. बराच वेळ पाहिला.

"हे त्यांनी नाही काढलं."

"नाही. एका मुलीनं काढलं. तिनं सरांना कधी पाहिलंसुद्धा नाही."

काकूंनी 'ज्ञ'वरून बोट फिरवलं, वरून खाली, एकदा, पुन्हा एकदा. सर गेल्यापासून त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या. आता रडल्या, अगदी मोकळ्या. मी उठू की बसू या विचारात तसाच अवघडून बसलो.

"असंच काढलं असतं त्यांनी," त्या म्हणाल्या. मग नाक पुसून, "तिले म्हण, राहू दे."

त्यानंतर काकूंनी तो विषय काढला नाही. काही दिवसांनी त्या भावाकडे मोहगावला राहायला गेल्या. कोणी म्हणे आता बऱ्या आहेत, जेवतात-खातात, बोलतात.

मी मात्र सुटलो नाही. नोकरी बदलून नागपूरला गेलो, आणि तिथे एका ऑफिसात रांगेत उभा असताना खिडकीवर लावलेली सूचना वाचू लागलो. सूचना कसली होती ते आठवत नाही. 'मिळेल' या शब्दातला सरांचा 'ळ' तेवढा आठवतो. त्यापाशी मी इतका वेळ उभा राहिलो की आतल्या कारकुनाने डोकं वर केलं.

"काय पाहून राहिले भाऊ?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि रांगेतून बाहेर आलो.